धाकटीचे मिस्टर आणि चांदीचा हात

आमच्या सासऱ्यांना दोन मुली आहेत आणि त्यामुळे दोन जावई आहेत. पण कुणाशी ओळख करून द्यायची वेळ आली की ते आधी साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "हे आमचे जावईबापू." मग माझ्याकडे वळतात, थोडं आठवल्यासारखं करतात आणि म्हणतात, "आणि हे धाकटीचे मिस्टर."

गेली चार वर्षं मी या पदावर आहे. पद वाईट नाही, पण त्यात बढती नाही. धाकटीने उद्या मांजर पाळलं तर ते 'धाकटीचं मांजर' होईल आणि आम्ही दोघं एकाच श्रेणीत येऊ. मांजराची निदान कुणी साडूशी तुलना करणार नाही.

मला मत्सर वाटत नाही. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे काही प्रसंगांमुळे तुमचा तसा गैरसमज होऊ शकतो.

साडूभाऊ पूल बांधतात. म्हणजे माणूस मुळातच असा, की त्याच्या भरवशावर लोक बिनधास्त ये-जा करतात. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. लोकांना खुर्चीवर बसवायचं, एक डोळा झाकायला सांगायचा, समोरच्या तक्त्यावर छडी ठेवायची आणि डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर विचारत खाली यायचं. सहा वर्षं मी हेच करतोय. तक्ता मला तोंडपाठ आहे, आणि याचं कुणालाही कौतुक वाटलेलं नाही.

तर एका शुक्रवारी संध्याकाळी, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा वार लागतो तेव्हा, आम्ही सगळे सासऱ्यांकडे जेवायला होतो. मेणबत्त्या लागल्या, आणि दरवेळी सासरे म्हणतात ती प्रार्थना त्या दिवशी साडूभाऊंनी म्हटली. जुन्या हिब्रू पोथीतून, अक्षरांवर नजर ठेवून, न अडखळता. आमच्यातले बहुतेकजण हिब्रू पाठ म्हणतात आणि पुस्तक आदराने नुसतं उघडं धरतात. साडूभाऊ मात्र चक्क वाचत होते. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मेहुणीने माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मिठाकडे बघितलं.

"सिनेगॉगमध्ये मोठ्यांसाठी वर्ग सुरू झालाय," साडूभाऊ नम्रपणे म्हणाले. त्यांचा नम्रपणा हा एक वेगळाच विषय आहे. त्यावर मी कधीतरी सविस्तर लिहीन. "मंगळवार-बुधवार संध्याकाळी. वेळ मिळतो तसा जातो."

सासरे उठले आणि कपाटातून मखमलीची पिशवी घेऊन आले. पिशवीतून निघाली चांदीची वीतभर काडी, आणि काडीच्या टोकाला इवलासा हात, तर्जनी पुढे काढलेला. तोराह म्हणजे आमचा धर्मग्रंथ कातड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला असतो. त्याला बोट लावायचं नाही, म्हणून वाचताना ओळीवरून ही काडी फिरवतात. घरात तिला सगळे 'हात' म्हणतात. सासऱ्यांना ती त्यांच्या वडिलांकडून मिळालेली.

"मला मुलगा नाही," सासरे म्हणाले. "हा हात जावयाकडे जाणार. पण जो गुंडाळीतून वाचेल त्याच्याकडे. नुसता धरायला तो काही टॉवेल नाही." आणि त्यांनी साडूभाऊंकडे अशा नजरेने बघितलं, की मुलीचा हात देतानाही माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

"मीपण जातो वर्गाला," मी म्हणालो.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"मंगळवारपासून."

वर्गात शिरणं सोपं नव्हतं. सिनेगॉगचे सेक्रेटरी टपाल खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी तीन प्रतींत अर्ज मागितला.

"हा प्रौढांचा वर्ग आहे. प्रौढ असल्याचा पुरावा?"

"माझं लग्न झालंय."

"तो पुरावा होत नाही. आमच्या समितीत सगळेच लग्न झालेले आहेत."

शेवटी मी ओळखपत्र दाखवलं. मग त्यांनी सांगितलं की अर्ज शिक्षण समितीकडे जायला हवा, पण शिक्षण समितीच्या अध्यक्षांचं आणि शिपायाचं बोलणं बंद असल्यामुळे तो सांस्कृतिक समितीमार्फत जाईल. म्हणजे मी गायनात किंवा नाटकातही नाव द्यायला हवं. मी नाटकात दिलं. आणि सगळ्यात शेवटी, वर्गातल्या एका विद्यार्थ्याची शिफारस.

वर्गात माझ्या ओळखीचा एकच विद्यार्थी होता.

साडूभाऊंनी लगेच लिहून दिलं. त्यांचं अक्षरही पुलासारखं, सगळे खांब सरळ. "अर्जदार माझे धाकटे साडू असून स्वभावाने शांत आहेत. बसवू तिथे बसतात."

सेक्रेटरींनी त्यावर शिक्का मारला. हा कागद आजही सिनेगॉगच्या दप्तरी आहे.

वर्ग मागच्या हॉलमध्ये, लहान मुलांच्या बाकांवर भरतो. पहिल्या संध्याकाळी मी गुडघे हनुवटीला टेकवून बसलो. साडूभाऊ माझ्यापेक्षा उंच, तरी त्यांचे गुडघे व्यवस्थित बाकाखाली होते. कसे, ते मला अजून कळलेलं नाही.

शिकवायला भूगोलवाले सर. त्यांनी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि हिब्रू फावल्या वेळात. "हिब्रू पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते," त्यांनी फळ्याच्या उजव्या टोकाला खडू टेकवत सांगितलं. "सूर्यासारखी. उजवीकडे उगवते, डावीकडे मावळते. पुस्तकात अक्षरांखाली ठिपके-रेघा असतात, त्यावरून उच्चार कळतो. गुंडाळीत त्या नसतात. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, पूर्णविरामही नाही. शिवाय प्रत्येक शब्दाची चाल ठरलेली. आणि वाचणारा चुकला की ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे टोकायचं आणि त्याने मागे जाऊन परत वाचायचं. यात अपमान मानायचा नाही."

अपमान कशात मानायचा आणि कशात नाही, हे असं वर्गात सांगून ठरत असतं तर काय हवं होतं.

सर प्रत्येकाला एक ओळ वाचायला लावत. साडूभाऊंची ओळ झाली की म्हणत, "वा. नदी कशी समुद्राला मिळाली." माझी झाली की म्हणत, "हं. हिला धरण बांधलंय कुणीतरी." रविवारी नाटकाची तालीम असे. त्यात साडूभाऊ आणि मी, दोघंही झाडं होतो. दिग्दर्शिका बाई मला म्हणाल्या, "जरा त्यांच्याकडे बघा. ते कसे आतून झाड आहेत." मी बघितलं. खरंच होते. नुसते उभे होते, पण सावली पडल्यासारखं वाटत होतं.

दोन महिन्यांनी सरांनी जाहीर केलं, की एका गुरुवारी सकाळी विद्यार्थी गुंडाळीतून वाचतील. तोराह शनिवारखेरीज सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात, थोडीच. शनिवारी का नको, असं कुणीतरी विचारलं.

"शनिवारी लोक येतात," सेक्रेटरी म्हणाले. "धोका नको."

पहिला भाग मी वाचायचा, दुसरा साडूभाऊंनी. सासरे हात घेऊन येणार होते.

आता खरं सांगतो. माझी अक्षरओळख तोपर्यंत एवढीच होती, की दोन अक्षरांमध्ये फरक आहे हे मला दुरून कळत असे. कोणतं कुठलं ते नाही. म्हणून मी सरांकडून माझा भाग फोनवर रेकॉर्ड करून घेतला आणि तो ऐकून मोठ्या कागदावर देवनागरीत उतरवला. सगळ्या काना-मात्रा घातल्या, चाल कुठे वर जाते, कुठे खाली येते त्याचे बाण काढले आणि तो कागद दुकानात तपासणीच्या तक्त्याखाली टांगला. गिऱ्हाईक नसलं की छडी घेऊन एकेक शब्द दाखवत म्हणायचो. एकदा एक आजोबा आत कधी आले ते कळलंच नाही. त्यांनी माझ्या छडीबरोबर अख्खी ओळ वाचली आणि म्हणाले, "शेवटचं जरा धूसर आहे." मी त्यांचा नंबर पाव पॉइंटने वाढवला.

घरी मी बाल्कनीत सराव करायचो. आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांचा आमच्या धर्माशी संबंध नाही, पण बाल्कनीशी आहे. चौथ्या दिवशी वरून आवाज आला, "अहो खालचे, काल तुम्ही तिसऱ्या ओळीत वर गेला होतात. आज खाली आलात."

मी फोन लावून ऐकलं. वरच जायचं होतं.

"आणि श्वास चुकीच्या जागी घेता," काकू म्हणाल्या. "अर्थ काय आहे हो त्याचा?"

"अर्थ पुढच्या वर्षी आहे," मी म्हणालो.

आठवड्याभरात काकूंना सगळं पाठ झालं. त्या कपडे वाळत घालताना गुणगुणायच्या, आणि चुकायच्या नाहीत. माझ्या मत्सराची यादी मोठी होत चालली होती. मत्सर म्हणजे, मला वाटत नाही तो.

आणि मग साडूभाऊ दुकानात आले.

"जरा डोळे बघतोस का? जवळचं पुसट दिसायला लागलंय. गुंडाळीतली अक्षरं बारीक असतात म्हणे."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, डावा डोळा झाकायला सांगितला. पहिल्यांदाच असं झालं, की साडूभाऊंना काहीतरी वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं. तो अर्धा तास माझ्या व्यावसायिक आयुष्यातला सर्वोत्तम होता. मी नंबर काढला, अगदी अचूक काढला, आणि काचा सांगितल्या.

चष्मा सोमवारी तयार झाला.

सोमवारी संध्याकाळी साडूभाऊंचा फोन आला, "झाला का रे?"

समोर चष्मा होता. काचा पुसलेल्या, डबी उघडी. आणि माझ्या तोंडून निघालं, "काच आली नाही अजून."

हे वाक्य चष्म्याच्या धंद्यात जन्मल्या दिवसापासून बोललं जातं. ते मी बोललो असंही म्हणता येणार नाही. ते आपोआप निघतं. मंगळवारी ते दुकानात येऊन गेले. बुधवारी दोनदा आले. "नाही ना आला?" ते विचारायचे आणि मी मान हलवायचो. मग ते अगदी शांतपणे "बरं बरं" म्हणून जायचे. निदान चिडायचं तरी. त्यांच्या त्या 'बरं बरं'मुळे मला बुधवारी जेवण गेलं नाही.

"तुला काय झालंय?" बायकोने विचारलं.

"साडूभाऊंचा चष्मा झाला नाही अजून."

"अगंबाई. तुला भाऊजींची एवढी काळजी?" ती म्हणाली आणि तिने मला आणखी एक पोळी वाढली. ती पोळी मी खाल्ली. हे मी स्वतःच्या विरुद्ध पुरावा म्हणून नोंदवतो.

गुरुवारी सकाळी चष्म्याची डबी खिशात टाकून मी सिनेगॉगमध्ये गेलो. वाचायच्या आधी द्यायची, की नंतर, हे ठरलं नव्हतं. म्हणजे नंतर असं ठरलं होतं, पण मी स्वतःला अजून कळवलं नव्हतं.

गुंडाळी उघडायला दहा पुरुष लागतात. माणसं मोजू नयेत असा आमच्यात संकेत आहे, म्हणून सेक्रेटरी चष्मे मोजतात. बरोबर दहा भरले. दहाही आमच्याच दुकानातले, कारण समाजात डोळे तपासणारा मी एकटा. वरच्या सज्जात बायका होत्या: सासूबाई, मेहुणी, बायको आणि त्यांच्याशेजारी डोक्यावर ओढणी घेतलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू.

"यांना कुणी बोलावलं?" मी खालून खुणेने विचारलं.

"त्या स्वतःच आल्या," बायकोने खुणेने सांगितलं. "पाठ आहे म्हणाल्या."

मधल्या चौथऱ्यावर गुंडाळी उलगडली. सासऱ्यांनी हात माझ्या हातात दिला. माझ्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला साडूभाऊ. चुका टोकायला छापील पुस्तक धरून साडूभाऊंना उभं केलं होतं. पण जुन्या चष्म्यातून त्यांना पुस्तकातलं अक्षर दिसत नव्हतं. हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी सुरुवात केली.

आणि वाचकहो, मी सुरेख म्हटलं. आवाज लागला होता. चाल जिथे वर जायची तिथे गेली. तिसऱ्या ओळीत मी वर गेलो तेव्हा सज्जातून समाधानाचा हुंकार आला. सासरे डोळे मिटून डोलत होते. मी चांदीचा हात तल्लीन होऊन फिरवत होतो, सहा वर्षांच्या सवयीने, सफाईने, डावीकडून उजवीकडे.

"अरे," साडूभाऊ कुजबुजले. त्यांना अक्षरं दिसत नव्हती, पण एवढा मोठा हात कुठे चाललाय ते दिसत होतं. "उलटं. उलटं."

मला ते कौतुक वाटलं. मी शेवटच्या शब्दापर्यंत आलो, हात ओळीच्या उजव्या टोकाला टेकवला आणि माझ्या नकळत, अख्ख्या सिनेगॉगसमोर, स्पष्ट आवाजात म्हणालो, "छान. आता खालची ओळ वाचा."

सेक्रेटरींनी तळहाताने डावा डोळा झाकला.

त्यांच्याही नकळत झालं ते. मागच्या रांगेतल्या दोघांनी माना पुढे काढून वाचायचा प्रयत्नही केला. एकजण म्हणाला, "इथून नाही दिसत." मग सगळ्यांना सगळं एकदमच कळलं.

"सूर्य पश्चिमेला उगवलाय," भूगोलवाले सर शांतपणे म्हणाले. "परत. पहिल्यापासून. पूर्वेकडून."

मी हात उजवीकडे नेला. आणि डोकं रिकामं झालं. तोंडाला जायचं होतं एकीकडे, हाताला दुसरीकडे, आणि दोघं एकमेकांची वाट बघत थांबले. मी पहिला शब्द शोधला. समोर नुसती अक्षरं होती, काना नाही, मात्रा नाही, दया नाही. सासऱ्यांचे डोळे आता उघडे होते.

तेवढ्यात सज्जातून काकूंनी पहिला शब्द म्हटला. चालीसकट. खाली कुणी वर बघेना. मी तो शब्द उचलला. त्याच वेळी माझ्या मनगटाभोवती साडूभाऊंची बोटं आली आणि त्यांनी माझा हात धरून हळूहळू उजवीकडून डावीकडे न्यायला सुरुवात केली, एखादं लहान मूल पुलावरून न्यावं तसं. मी म्हणत गेलो, ते नेत गेले, वरून काकू शब्द टाकत गेल्या. तिघं मिळून आमच्यात एक वाचणारा झाला.

मग साडूभाऊंची पाळी आली. त्यांनी हात घेतला, गुंडाळीवर वाकले, डोळे बारीक केले. आणखी वाकले. नाक कातड्याला लागेल म्हणून सरांनी त्यांना मागे ओढलं.

माझ्या मनगटावर अजून त्यांच्या बोटांची ऊब होती. मी खिशातून डबी काढली.

"झाला का?" ते म्हणाले.

"सोमवारीच झाला होता."

साडूभाऊंनी चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते आता काय बोलतील याची मी मनात चार उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही.

"मग आणखी एक दिवस ठेवायचा होतास की रे," ते कानाशी म्हणाले. "रोज चक्कर मारायचो दुकानात. तू 'नाही' म्हणालास की वाटायचं, चला, चारचौघांत वाचायचं टळलं."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. बरोबर वाचलं, पण इतक्या हळू आवाजात, की सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, "सुरू झालं का?"

सासऱ्यांनी हात परत घेतला, पुसला आणि पिशवीत घातला. पिशवी त्यांनी सज्जातून खाली आलेल्या माझ्या बायकोच्या हातात दिली. "एकाला अक्षरओळख नाही, एकाला आवाज नाही. तू ठेव. दोघांपैकी जो आधी एकट्याने वाचेल त्याला दे. आणि तोपर्यंत मिस्टरांना अक्षरं शिकव."

"मला कुठे येतात?" ती म्हणाली.

"मग तूही जा वर्गाला."

ती आता पहिल्या बाकावर बसते. सर तिला "वा, नदी मुखाशी आली" म्हणतात. पिशवी तिच्याच कपाटात आहे, आणि परवा ती सहज म्हणाली, की बाबा 'दोघांपैकी' म्हणाले असले तरी त्यांनी नीट विचार केला नसावा.

त्या गुरुवारी काकूंना मात्र सगळ्यांनी घेरलं. सासऱ्यांनी त्यांची सगळ्यांशी ओळख करून दिली. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "आणि हे यांच्या खालच्या मजल्यावर राहतात."

साडूभाऊ आता दर रविवारी आमच्या इमारतीत येतात. आमच्याकडे नाही, वर. काकू त्यांना आवाज मोकळा कसा करायचा ते शिकवतात. सासरेही येतात, ऐकायला. मी बाल्कनीत बसतो, मांडीवर पुस्तक, ठिपके-रेघा झाकून, बोट उजव्या टोकाला. गेल्या रविवारी वरून साडूभाऊंचा आवाज आला, चांगला भरघोस. त्यांनी माझाच भाग घेतला होता. मी बोटाने त्यांच्याबरोबर चाललो. तिसऱ्या ओळीत ते खाली आले.

"वर," मी म्हणालो.

वरचा आवाज थांबला.

"तिसऱ्या ओळीत वर जायचं," मी मान बाहेर काढून सांगितलं. "आणि त्याआधीचा एक शब्द गाळलात. छोटासा आहे. तीन अक्षरी."

वर पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज झाला. मग सासऱ्यांचा आवाज आला.

"बरोबर आहे. खालचे जावईबापू बरोबर सांगतायत."

मी मान आत घेतली. चार वर्षं लागली. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, आता तरी झालं का समाधान?

झालं. म्हणजे, पुष्कळच झालं. फक्त एवढंच मनात येतं, की मी जर खालचा जावईबापू, तर वरचे कोण, हे त्यांनी बोलून दाखवायची काही गरज उरलेली नाही.